साडेदहा कोटी ब्रास

कोल्हापूर भागात माती, मुरूम, वाळू, खडी असं सगळं ब्रासवर चालतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मीटरमध्ये २.८३ घनमीटर. घराच्या जोत्यात भराव घालायचा असो की माळरानावर गाळ पसरायचा असो, समोरचा पहिल्यांदा ‘किती ब्रास?’ एवढंच विचारतो. हेच माप घेऊन पन्हाळ्याचा हिशेब मांडून बघू.

गड समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास, आणि पायथ्याच्या सपाटीपासून जवळजवळ तीनशे मीटर उंच. वाघबिळावरून चढायला लागलं की वाटतं, हा डोंगर कधीतरी वर आला असणार. भूशास्त्र उलटं सांगतं. पन्हाळा, पावनगड, पलीकडचं मसाई पठार हे सपाट माथे म्हणजे एकेकाळच्या सलग जमिनीचे उरलेले तुकडे. डोंगर जागच्या जागी राहिला आणि भोवतालची जमीन निघून गेली. किती गेली? एका चौरस किलोमीटरावरून तीनशे मीटर जाडीचा खडक निघाला तर तीस कोटी घनमीटर होतात, म्हणजे साडेदहा कोटी ब्रास. तीन ब्रासचा डंपर धरा आणि मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस, सणवार न पाळता भरून पाठवत राहा. ६७ वर्षं लागतील, आणि एवढ्यात एकच चौरस किलोमीटर रिकामा होईल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची खोरी किती मोठी आहेत ते नकाशात बघा, म्हणजे हा गुणाकार मी पुढे का नेत नाही ते कळेल.

हे सगळं पाण्यानं नेलं. काही गाळ म्हणून वाहून गेलं, काही विरघळून गेलं. आणि गडाच्या माथ्यावर जे शिल्लक राहिलं, तीसुद्धा एक मातीच आहे. फार जुनी, दगड झालेली.

आधी मूळ भांडवल पाहू. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा होऊन बाहेर आला. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला दिसतो, आणि त्याचं घनफळ किमान ५ लाख घनकिलोमीटर धरतात. हा लाव्हा साऱ्या भारतावर सारखा पसरला असता तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दीडशे मीटर जाडीचा थर बसला असता. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी भोकं पाडून पाहिलं, तेव्हा पहिल्याच विंधनविवरात ९३० मीटर खोल गेल्यावर बेसॉल्ट संपून खालचा ग्रॅनाइट लागला. किल्लारीला हाच थर ३३८ मीटरांत संपतो. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला, पण सलग नव्हे, टप्प्याटप्प्यानं. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात थंड झालेल्या लाव्ह्यावर पाऊस पडायचा, खडक कुजायचा, तांबडी माती तयार व्हायची आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून काढायचा. सह्याद्रीतल्या घाटात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाची एक पट्टी दिसते, ती ही. काही ठिकाणी वीतभर, काही ठिकाणी पुरुषभर. बहुतेक जण तिच्याशेजारी गाडी थांबवून चहा पितात आणि पुढे जातात.

शेवटचा लाव्हा थंड झाला आणि मग त्या सपाटीवर पावसाला मोकळं रान मिळालं. सह्याद्रीच्या माथ्यावरचा जांभा तयार व्हायला इथून सुरुवात झाली.

पन्हाळ्याचा जांभा हातात घेऊन बघण्यासारखा आहे. वजनाला काळ्या पाषाणापेक्षा हलका. सगळ्या अंगावर वेडीवाकडी भोकं, बोट जाईल एवढी. भोकाच्या आत कुठे पिवळट, कुठे पांढुरकी मऊ माती, बोटाला लागली की पिठासारखी. बाहेरचं कवच मात्र तांबडं-काळपट आणि लोखंडी. नखानं खरवडलं तर गेरूसारखी भुकटी निघते. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे त्याचं सगळं कूळ एका नजरेत दिसतं. वर हे कठीण कवच. त्याखाली पांढरे, गुलाबी, पिवळे डाग असलेला चिकणमातीचा थर. त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, मधला गाभा अजून काळा. आणि सगळ्यात खाली अखंड बेसॉल्ट. खालून वर नजर नेली की खडकाची माती होण्याच्या सगळ्या पायऱ्या ओळीनं वाचता येतात.

बेसॉल्टमध्ये वजनानं निम्मं सिलिका असतं, लोहाची ऑक्साइडं १३-१४ टक्के, अॅल्युमिना जवळपास तेवढंच, कॅल्शियमची १० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकात मुरतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी जातात. मग हळूहळू सिलिका जातं. लोह आणि अॅल्युमिनियम सहसा हलत नाहीत. भर पावसाळ्यात मातीतला प्राणवायू संपला की लोह थोडंसं विरघळून इकडचं तिकडे सरकतं, आणि उन्हाळ्यात हवा लागली की तिथेच गंजून घट्ट बसतं. ओल आणि कोरड यांचं हे आलटून पालटून चालणं जांभ्याला हवंच असतं. बारमाही ओल असेल तर असं कवच सहजी धरत नाही आणि बारमाही कोरड असेल तर मुळात काही विरघळतच नाही. मोसमी हवामान हा जांभ्याचा खरा कारागीर.

आता वेग बघू. दख्खनच्या झऱ्या-ओढ्यांच्या पाण्यात लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या आसपास सिलिका सापडतं, म्हणजे चिमटीत न येण्याइतकं. वर्षाला अर्धा मीटर पाणी जमिनीत मुरतं असं धरा. दर चौरस मीटरमागे ते पाचशे लिटर झालं आणि त्यातून गेलं दहा ग्रॅम सिलिका. एक घनमीटर बेसॉल्टमध्ये सिलिका असतं चौदाशे किलोच्या वर. म्हणजे एक मीटर जाडीच्या खडकातलं सिलिका धुऊन काढायला एक लाख चाळीस हजार वर्षं! आधुनिक माणूस आफ्रिकेबाहेर पडून जगभर पसरला, सगळ्या संस्कृती उभ्या राहिल्या आणि पडल्या, तेवढ्या काळात इथे मीटरभर खडकही पुरता धुऊन झाला नसता. नद्यांच्या पाण्याची रासायनिक मोजणी करून संशोधकांनी दख्खनसाठी काढलेला आकडाही याच घरातला आहे. वर्षाला दर चौरस किलोमीटरमागे २१ ते ६३ टन खडक विरघळून जातो. उंचीत सांगायचं तर दहा लाख वर्षांत सात ते बावीस मीटर.

जांभ्यात लोहाचं प्रमाण चाळीस टक्क्यांपर्यंत चढलेलं असतं. तेराचं चाळीस व्हायचं तर एक टन जांभ्यासाठी तीन टन काळा पाषाण खर्ची पडतो. जुन्या घरांच्या भिंतीतला प्रत्येक जांभ्याचा चिरा आपल्या तिप्पट वजनाचा कातळ खाऊन बसला आहे. त्यापुढची पायरी बॉक्साइटची. तिथे सिलिका जवळपास संपतं आणि अॅल्युमिना निम्म्याच्या घरात जातं. राधानगरीकडच्या दुर्गमानवाडीच्या पठारावर याच बॉक्साइटच्या खाणी चालल्या. अॅल्युमिनियमचा डबा म्हणजे शेवटी पावसानं चाळून दिलेली मातीच.

पाऊस एकूण पडला तरी किती? वर्षाला दोन मीटर धरू. घाटमाथ्याच्या मानानं हे कंजूषपणाचंच माप आहे. एक कोटी वर्षांत वीस हजार किलोमीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा राहतो. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर आहे, त्याच्या दीडपट. सहा कोटी वर्षांचा हिशेब केला तर एक लाख वीस हजार किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या वाटेवर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. यातलं बहुतेक पाणी वरच्या वर वाहून गेलं असणार. चौथाई मुरलं म्हणा, तरी तीस हजार किलोमीटर पाणी एकाच जागेतून खाली गेलं. इतक्या धुण्यानंतर उरलेल्या वस्तूला खडक म्हणावं की माती, हा वाद मग गौण ठरतो.

दोन मीटर हा आकडा सहा कोटी वर्षांना सरसकट लावणं हे खरं तर धाडसच. हवामान बदलत राहिलं एवढंच कारण नाही; जमीनच जागेवर नव्हती. लाव्हा ओतला जात होता तेव्हा हा सगळा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता. तिथून भारतीय भूपट्ट उत्तरेला सरकत आला. सुरुवातीला वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास आणि आशियाला धडकल्यावर पाच सेंटिमीटरच्या हिशेबानं. चार-पाच हजार किलोमीटरांच्या या प्रवासात पन्हाळ्याची जमीन विषुववृत्ताच्या दमट पट्ट्याखालून आरपार गेली. मातीची पाठ्यपुस्तकं सांगतात की हवामान बदललं की माती बदलते. इथे जमीन स्वतःच एकेका हवामानाखालून चालत गेली आहे, आणि जांभ्यानं त्या सगळ्याचा जमाखर्च आपल्या अंगावर ठेवला आहे.

आता गड उतरून खाली येऊ. वीस किलोमीटरांवर कोल्हापूर, त्यापुढे पंचगंगेच्या काठाची मळीची जमीन, आणि आणखी पूर्वेला शिरोळची भारी काळी. मूळ खडक तोच. वेगळा आहे तो पाऊस. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, शिरोळला पाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यात, शंभर किलोमीटरांच्या वाटेत, दहापट फरक! एरवी एवढा फरक बघायला माणसाला देश ओलांडावा लागतो.

पाऊस कमी म्हणजे धुणं कमी. कॅल्शियम-मॅग्नेशियम निघून जात नाही, सिलिकाही राहतं, आणि त्यांच्या सोबतीनं स्मेक्टाइट नावाचं खनिज तयार होतं. काळ्या मातीची सगळी करामत या खनिजाची. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरू शकतं. त्यामुळे आतले-बाहेरचे सगळे पृष्ठभाग मोजले तर एका ग्रॅमला सातशे ते आठशे चौरस मीटर भरतात. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. एका ग्रॅमात सात-आठ गुंठे! मूठभर, शंभर ग्रॅम काळी माती घ्या. त्यात निम्मं स्मेक्टाइट धरलं तर आतलं क्षेत्र साडेआठ एकर भरतं. कोल्हापूर जिल्ह्यात साडेआठ एकर बागायत असलेला शेतकरी मोठा समजला जातो, आणि इथे तो पसारा एका मुठीत बसतो. या सगळ्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि तो कॅल्शियम, पोटॅश, अमोनियम धरून ठेवतो. जांभ्यात उरणारं केओलिनाइट मात्र ग्रॅममागे दहा-वीस चौरस मीटरचंच धनी. खत दिलं तरी धरायला त्याच्याकडे जागा नाही. स्फुरद दिलं तर तांबडं लोह ते असं कवटाळतं की पिकाला मिळत नाही.

मे महिन्यात काळ्या रानात उभं राहून बघा. भेगा इतक्या की खुरपं पडलं तर हात घालून काढावं लागतं. काठी सरकवली तर दोन-अडीच फूट सहज जाते. वरचा भुसभुशीत थर, ढेकळांचे तुकडे, धसकटं त्या भेगांत पडत राहतात. मृगाचा पाऊस आला की खालची माती फुगते, भेगा मिटतात आणि आत पडलेलं सगळं आत दाबलं जातं. जागा पुरत नाही म्हणून मातीचे थर एकमेकांवर घसरतात, आणि खणून बघितलं तर त्या घसरणीचे गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात. वर्षानुवर्षं ही जमीन स्वतःच स्वतःला उलथीपालथी करते. याच उलथण्यावरून शास्त्रज्ञांनी हिला ‘व्हर्टिसॉल’ हा गट दिला. जगाच्या जमिनीत हा गट जेमतेम अडीच टक्के, भारतात आठ टक्क्यांच्या घरात.

इथपर्यंत सगळं सोपं आहे: जास्त पाऊस तिथे तांबडी, कमी पाऊस तिथे काळी. शाळेच्या भूगोलात एवढंच असतं, आणि ते अपुरं आहे. पश्चिम घाटाच्या भर पावसात तांबड्या आणि काळ्या माती शेजारी शेजारी सापडतात, चढावर तांबडी आणि खोलगट जागी काळी. असं का, याचं उत्तर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोतल्या तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि एस. बी. देशपांडे यांनी १९९३ मध्ये दिलं. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक असतात. पाऊस जेवढं कॅल्शियम धुऊन नेतो त्याची भरपाई हे स्फटिक हळूहळू विरघळून करत राहतात, त्यामुळे एवढ्या पावसातही स्मेक्टाइट तगून राहतं. पालांच्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. आजच्या कोरड्या मुलखातल्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट आजच्या हवामानात एवढ्या प्रमाणात तयारच होऊ शकत नाही. ते पूर्वीच्या अधिक ओल्या काळाचं देणं आहे. आपण बाजारातून नवीन खत आणतो, पण खतं धरून ठेवणारी मूळ मालमत्ता वाडवडिलार्जित आहे, आणि ती नव्यानं मिळायची नाही.

हवामान आणि काळ यांचा हा खेळ जगात सगळ्यात स्वच्छ दिसतो तो हवाई बेटांवर. तिथलाही खडक बेसॉल्टच. किलाउएआजवळचा लाव्हा अवघा तीनशे वर्षांचा, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला काउआई बेटावर ४१ लाख वर्षांचा. अभ्यासकांनी उंची सारखी, पाऊस सारखा (वर्षाला अडीच मीटर), झाडंही शक्य तेवढी सारखी, अशा जागा निवडल्या आणि फक्त वय बदलू दिलं. मधल्या वयाच्या जमिनी सगळ्यात सुपीक निघाल्या. म्हाताऱ्या जमिनीत खडकातलं स्फुरद संपत आलेलं, आणि तिथलं जंगल आशियातून वाऱ्यावर हजारो किलोमीटर उडत येणाऱ्या धुळीतल्या स्फुरदावर तगून आहे. ४१ लाख वर्षांत ही गत. पन्हाळ्याच्या माथ्याचं वय त्याच्या दसपटीनं मोजावं लागतं. उलट टोक आइसलँडचं. तिथेही बेसॉल्टच, पण थंडीत रासायनिक क्रिया रेंगाळतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट. म्हणून तिथली माती राखेच्या कच्च्या अवस्थेतच घुटमळते आणि जोराचा वारा आला की उडून जाते.

मातीच्या जातींचं वर्गीकरण हा एक स्वतंत्र पसारा आहे, आणि त्यात मला फार रमायचं नाही. रशियात दोकुचायेव्हनं १८८३ मध्ये स्टेपीतल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहून मातीला हवामानाचं अपत्य ठरवलं. अमेरिकेत हान्स जेनीनं १९४१ मध्ये हवामान, जीवसृष्टी, उतार, मूळ खडक आणि काळ असे पाच घटक मांडले. आज अमेरिकी पद्धतीत १२ मुख्य गट आहेत, आंतरराष्ट्रीय पद्धतीत ३२. आणि एकट्या अमेरिकेत नाव दिलेल्या मातीच्या मालिका वीस हजारांवर गेल्या आहेत. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनी, फिनलंडच्या सूचिपर्णी जंगलाखालच्या राखाडी, राजस्थानच्या कोरड्या, अॅमेझॉनच्या तांबड्या, प्रत्येकीला खाना आहे.

पण आपल्याकडे हे काम दोकुचायेव्हच्या आधी सुरू झालं होतं, फक्त त्याचा हेतू शास्त्र नव्हता, सारा होता. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, तिचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. शेताचे चौकोनी भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून खोली बघायची. पोत आणि रंग यांवरून मातीच्या तीन प्रती. एकसारख्या बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी माती पहिल्या प्रतीत, भरड आणि बहुधा तांबडी दुसऱ्या, मुरमाड तिसऱ्या. पहिल्या प्रतीची माती पावणेदोन हात खोल असली की सोळा आणे. खोली पाव-पाव हातानं कमी झाली की आणेही उतरत जायचे, थेट दोन आण्यांपर्यंत नऊ वर्ग. शिवाय दोष वेगळे: चुनखड असली, वाळू असली, उतार असला, पाणी साचत असलं, की एकेका दोषाला एकेक वर्ग खाली. पावणेदोन हात म्हणजे ऐंशी सेंटिमीटर. आजचा मृदाशास्त्रज्ञ खड्डा खणून बघतो तो रंग, पोत, खोली, उतार, निचरा यांच्याच नोंदी करतो. आणे लावत नाही एवढंच. साऱ्यासाठी का होईना, एका राजवटीनं मराठी मुलखातल्या प्रत्येक शेतात खणून माती पाहिली होती, हे विसरू नये.

पन्हाळ्याच्या माथ्याला त्या हिशेबात किती आणे मिळाले असते? गडावर अंबारखाना आहे, धान्याची तीन प्रचंड कोठारं, गंगा, यमुना आणि सरस्वती. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. ते धान्य खालच्या काळ्या-मळीच्या रानांतलं. गडाचा जांभा धान्य देत नाही, तो दुसऱ्याच कामाचा. भोकाभोकांचा असल्यानं तो पावसाचं पाणी पितो, आणि खालचा चिकणथर ते अडवतो. एवढ्या उंचीवर तळी आणि विहिरी टिकतात त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे. वेढ्यात अडकलेल्या फौजेला सोळा आणे जमिनीपेक्षा हे पाणी मोलाचं. याच रचनेची दुसरी बाजूही आहे. पाणी जास्त झालं की जांभ्याखालचा चिकणथर फुगतो, निसरडा होतो आणि वरचा भार पेलत नाही. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली. अशा डोंगरावर पाण्याला वाट काढून दिल्याशिवाय केलेलं कोणतंही बांधकाम उसनवारीवर उभं असतं, असं माझं मत आहे.

आणि आता खर्चाची बाजू. एक एकराचा वरचा पंधरा सेंटिमीटरांचा थर, ज्यात पिकाचं बहुतेक घर असतं, भरतो २१४ ब्रास. एक मिलिमीटर माती म्हणजे एकरी जवळजवळ दीड ब्रास. भारतात धूप किती होते याचा १९८३ मध्ये काढलेला अंदाज आजही सगळीकडे वापरला जातो: वर्षाला ५३३ कोटी टन, सरासरी हेक्टरी १६.३५ टन. आपल्या मापात एकरी १.८ ब्रास दर वर्षी. यातली बरीचशी माती एका रानातून निघून दुसऱ्या रानात बसते, दहा टक्के धरणांत आणि २९ टक्के थेट समुद्रात. नवी माती किती होते? ढोबळमानानं शंभर वर्षांत अर्धा ते एक सेंटिमीटर, म्हणजे एकरी वर्षाला ब्रासचा सातवा ते चौदावा हिस्सा. मिळकतीच्या साडेबारा ते पंचवीस पट खर्च. डार्विननं १८८१च्या पुस्तकात लिहिलं होतं की इंग्लंडच्या कुरणात गांडुळं एकरी दहा टन माती दर वर्षी वर आणून टाकतात. ती पावणेतीन ब्रास होते. गांडुळांचा हा खटाटोप बिनपगारी आहे. आपण एकरी पावणेदोन ब्रास फुकट घालवतो.

मसाई पठारावर हा हिशेब सगळ्यात नाजूक आहे. १६६०च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते याच पठारावरून, भर पावसात. जांभ्याच्या सड्यावर काही सेंटिमीटरांचीच माती, काही ठिकाणी तीही नाही. श्रावण-भाद्रपदात तिच्यावर फुलांचे गालिचे पसरतात: सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. सीतेची आसवं आणि दवबिंदू या किडे पकडून खाणाऱ्या वनस्पती आहेत. तो छंद नव्हे. या मातीत नत्र-स्फुरद इतकं कमी उरलं आहे की मुळांवर भागत नाही, म्हणून त्या किड्यांच्या अंगातून ते मिळवतात. सहा कोटी वर्षं धुतलेल्या जमिनीवर जगायचं तर असंच जगावं लागतं.

ओल्या सड्यावर गाडीच्या चाकानं पडणारी चाकोरी तीन-चार सेंटिमीटर खोल असते, आणि तेवढी माती जमायला निदान तीनशे-चारशे वर्षं लागलेली असतात, कठीण जांभ्यावर कदाचित त्याहून कितीतरी अधिक. फुलं बघायला मसाईला जरूर जा, पण गाडी खाली कडेला लावा आणि पठारावर पायी फिरा.